मागचं चाक

पुढचं चाक कुणालाही जमतं.
खटका उघडा, काढा, बसवा, बंद.
मागच्याला चेन असते, दात असतात,
वाकड्या मानेचा एक डिरेलर असतो,
आणि आमच्या ग्रुपमध्ये ऋत्विज असतो.
"काकू, सरका," तो म्हणतो
आणि मी सरकते.
तीन वर्षं मी फक्त त्याची पाठ पाहिलीय.

आज तो पुढे गेलाय. सगळेच.
उलवे सोडून गव्हाण फाट्याकडे,
लाल दिव्यांची ओळ वळणाआड गेली
आणि माझं टायर बसलं, सुस्कारा टाकून,
कंटेनरांच्या रांगेशेजारी,
पहाटे पावणेसहाला.

तार सापडली.
मला ती सापडणारच होती.
रोज सकाळी लॅबमध्ये पन्नास-साठ हातांतून
न दिसणाऱ्या शिरा शोधणारी ही बोटं.
ट्रेलरच्या फुटक्या टायरातली, केसाएवढी,
रबरात दडून टोक तेवढं आतल्या बाजूला काढलेली.
नखांनी ओढली. नवी ट्यूब. हवा.
इथपर्यंत मी हुशार.

मग चाक.

पहिल्यांदा चेन बाहेरच राहिली.
दुसऱ्यांदा आली, पण भलत्याच दातांवर.
सगळ्यात लहान चकती, सुलक्षणा,
सगळ्यात लहान, किती वेळा ऐकलंयस.
तिसऱ्यांदा डिरेलर मागे ओढून धरला,
गोळी भरवताना कुत्र्याचा जबडा धरतात तसा,
आणि चाक आत सरकलं.
खटका दाबला, तळव्यावर वळ उठेपर्यंत.
फिरवलं.
खर्र.
खर्र.
दर फेरीला, डाव्या ब्रेकला घासून.

ब्रेक सरकवला, तर उजवीकडे घासलं.
पाना काढला, स्क्रू पिळला, परत सरकवला.
सायकल उलटी, चाकं आभाळाकडे,
मी गुडघ्यांवर, धुळीत,
आणि एकेक ट्रेलर
पाठीत वाऱ्याचा धपाटा घालून जाणारा.
ऋत्विजला दोनदा फोन लावला.
तिसऱ्यांदा लावला नाही.

खाडीकडून एक म्हातारा आला, काळ्या सायकलवरून.
हँडलला बादली, बादलीत निवट्या, अजून उसळणाऱ्या.
बादलीवर छापलेलं,
चि. भूपेशच्या हळदीनिमित्त सप्रेम भेट.
उतरला नाही.
एक पाय रस्त्यावर टेकवून बघत राहिला,
इतका वेळ, की मला राग आला.
मग म्हणाला,
"गारी उलटी कशाला गो बाय?
सुलटी कर. खटका सोर.
तिचा भार तिला घेव दे."

सुलटी केली. खटका सोडला.
सीटवर हात ठेवला नुसता, दाबला नाही.
टक्.
एवढासाच आवाज.
आस आपल्या खोबणीत गेला.
दोन मिलिमीटर असेल नसेल, तेवढं ते तिरपं होतं
आणि मी अर्धा तास ब्रेकला शिव्या घालत होते.
ब्रेक मग होता तिथे परत आणला, निमूट.
सीट धरून उचललं, फिरवलं.
चाक फिरत राहिलं. फिरतच राहिलं.

मान वर केली तर म्हातारा नव्हता.
उलव्याच्या दिशेने खाऱ्या पाण्याचे ठिपके,
बादली जिथे जिथे हिंदकळली तिथे तिथे.

जासईला सगळे चहावर थांबलेले.
"काकू, बघू जरा," म्हणत ऋत्विज उठला,
हात चाकाकडे.
म्हटलं, चहा घे, निवतोय.

सोमवारी ग्लोव्ह चढवताना दिसलं,
तीन नखांखाली अजून काळं ग्रीस.
लिंबू झालं, भांड्यांची पावडर झाली.
पहिलाच पेशंट, मूठ आवळून,
खांदे पार कानांपर्यंत.
म्हटलं, "एवढं ताणू नका. हात टेकवा नुसता.
त्याचा भार त्याला घेऊ दे."
"काय?"
"काही नाही. टोचेल हं थोडं."